गेटिसबर्ग : गाडी आपली, स्टिअरिंग गाइडच्या हातात

भारतातून पाहुणे आले की पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गकडच्या आम्हा मराठी मंडळींची एक ठरलेली यादी असते. हर्शीचं चॉकलेट, लँकेस्टरचे आमिश आणि त्यांच्या घोडागाड्या, आणि मग गेटिसबर्ग, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेची आणि दक्षिणेची फौज जिथे तीन दिवस लढली ते गाव. पहिल्या दोन ठिकाणी कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. गेटिसबर्गला मात्र माणसं पहिल्या तोफेवर हात ठेवून फोटो काढतात, पाचव्या पुतळ्याशी रेंगाळतात आणि दहाव्याला ‘जेवायचं कुठे?’ असं विचारतात. त्यांचं काही चुकत नाही. सहा हजार एकरांचं रान, त्यात तेराशेच्या वर स्मारकं आणि चारशेच्या आसपास तोफा. कोण कुठून आला, कुणावर धावला आणि कशासाठी, हे माहीत नसलं की सगळे दगड सारखेच दिसतात.

म्हणून हा रिव्ह्यू रणभूमीचा कमी आणि तिथल्या एका सेवेचा जास्त आहे. लायसन्स्ड बॅटलफील्ड गाइड. या वेळी माझे बाबा आले होते खामगावहून, आणि त्यांच्यासाठी मी हट्टाने गाइड घेतला.

पद्धत अशी. आपण आपल्या गाडीने व्हिजिटर सेंटरला जायचं. ठरलेल्या वेळी गाइड येतो, हात मिळवतो, किल्ली मागतो आणि आपल्याच गाडीच्या ड्रायव्हर सीटवर बसतो. पुढचे दोन तास गाडी तो चालवणार आणि बोलणारही तोच. पैसे गाडीमागे असतात, माणशी नाहीत, त्यामुळे चार-पाच जण असाल तर फारच परवडतं. स्वतःची गाडी अनोळखी माणसाच्या हाती द्यायची म्हटल्यावर नवऱ्याच्या कपाळावर आठी आली होती. पण इथले रस्ते एकेरी, वळणावळणाचे, आणि दर शंभर पावलांवर थांबून बघण्यासारखं काहीतरी. नकाशा बघत आपण चालवायचं म्हणजे निम्मा वेळ चुकण्यात जातो. या माणसाने एकदाही नकाशा काढला नाही.

हे गाइड म्हणजे आपल्याकडे किल्ल्याच्या पायथ्याशी ‘साहेब, गाइड, गाइड’ करत मागे लागणारी मंडळी नव्हेत. एके काळी इथेही तसंच होतं. घोडागाडीवाले पर्यटकांना मनाला येईल ते सांगायचे. शेवटी १९१५ मध्ये सरकारच्या युद्धखात्याने परवाना पद्धत आणली, ती आजवर चालू आहे. आधी लेखी परीक्षा, मग प्रत्यक्ष रणभूमीवर तोंडी परीक्षा. लोक त्यासाठी वर्षानुवर्षं अभ्यास करतात. आम्हाला मिळालेले गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. बाबांचे गुडघे बघून त्यांनी काही न विचारता त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि सीट मागे सरकवून दिली. तिथेच माझ्या मनात अर्धे मार्क देऊन झाले होते.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचे निम्मे प्रश्न त्यांचेच आहेत. आयुष्यभर जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेब लिहिला. इंग्रजी वाचतात बऱ्यापैकी, बोलायला बिचकतात. त्यामुळे मागच्या सीटवर मी दुभाषी, आणि माझ्या शेजारी बारा वर्षांचा चिरंजीव, ज्याला शाळेत हे सगळं येऊन गेलंय आणि म्हणून काहीच ऐकायचं नाहीये.

सुरुवात गावाच्या पश्चिमेच्या टेकाडांवरून झाली. १ जुलै १८६३ च्या सकाळी बुफोर्डचं उत्तरेचं घोडदळ इथे खाली उतरून बंदुका रोखून उभं राहिलं आणि चेंबर्सबर्गच्या रस्त्याने येणाऱ्या दक्षिणेच्या पायदळाला त्यांनी काही तास रोखून धरलं. गाइडने गाडी थांबवली, काच खाली केली आणि सगळ्यांना आधी नुसते रस्ते मोजायला लावले. चोवीसशे वस्तीच्या या गावात तेव्हा दहा रस्ते येऊन मिळत होते. दोन्ही फौजांपैकी कुणीही ‘चला, गेटिसबर्गला लढू’ असं ठरवलं नव्हतं; रस्त्यांनीच त्यांना इथे आणून सोडलं. त्यातही गंमत अशी, की दक्षिणेचा सेनापती ली याचं सैन्य पश्चिमेकडून आणि उत्तरेकडून आलं, आणि उत्तरेचं सैन्य आलं दक्षिणेकडून. इथे चिरंजीवाने पहिल्यांदा कानातले इअरफोन काढले.

पहिल्या दिवशी उत्तरवाले मागे रेटले गेले. त्यांचा रेनॉल्ड्स नावाचा मोठा सेनापती सकाळीच पडला. गावातून पळत पळत ते दक्षिणेच्या टेकड्यांवर जाऊन बसले. ऐकायला हे हरण्यासारखं वाटतं, पण गाइडने ज्या टेकडीवर आम्हाला नेलं तिथून खाली बघितलं की कळतं, पळून माणसं नेमकी कुठे गेली ते. सगळी उंच जागा त्यांना मिळाली होती. कल्प्स हिलपासून सेमेटरी हिलला वळसा घालून खाली लिटल राउंड टॉपपर्यंत, मासे पकडायच्या गळासारख्या आकाराची ती रांग. त्यांचा सरसेनापती मीड याला नेमून तेव्हा जेमतेम तीन दिवस झाले होते. मीडकडे नव्वद हजारांच्या वर माणसं, लीकडे सत्तर-पंचाहत्तर हजार.

इथवर गाइड अगदी रंगात आला होता. कुठली पलटण कुठून निघाली, कुणाच्या डाव्या बगलेवर कोण. तेवढ्यात बाबा मला म्हणाले, ‘‘अवं, हे तं सारं ठीक हाय. पन भांडन कायच्यासाठी झालं, थे इचार ना त्याईले.’’

विचारलं. आणि या सेवेला मी पूर्ण मार्क देते ते या उत्तरासाठी. अमेरिकेत या प्रश्नाला गुळमुळीत उत्तरं देणारी माणसं पुष्कळ भेटतात. ‘राज्यांचे हक्क’, ‘जकातीचा वाद’, ‘दोन जीवनपद्धती’ वगैरे. ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर मी हे सगळं ऐकलेलं आहे. आमच्या गाइडने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि सांगितलं, की दक्षिणेची राज्यं फुटली तेव्हा का फुटतोय हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, माझ्यावर विश्वास ठेवू नका, ते वाचा. मिसिसिपीने १८६१ मध्ये काढलेल्या जाहीरनाम्यात अगदी सुरुवातीलाच म्हटलंय, की आमची सगळी बाजू गुलामगिरीच्या संस्थेशी जोडलेली आहे. कॉन्फेडरेसीचा, म्हणजे फुटलेल्या दक्षिणी राज्यांच्या संघाचा, उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये जाहीर भाषणात सांगितलं, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हाच आमच्या नव्या सरकारचा कोनशिला-दगड आहे. १८६० च्या शिरगणतीत अमेरिकेत गुलाम होते चाळीस लाखांच्या घरात. राज्यांचा हक्क होताच, पण कशाचा हक्क, हे वाक्य पुरं करायचं असतं, असं तो म्हणाला. मी भाषांतर करून सांगितलं. बाबांनी मान हलवली आणि म्हणाले, ‘‘आता सांग म्हना म्होरचं.’’

लिटल राउंड टॉप हा सगळ्यांचा आवडता थांबा. दोन वर्षं दुरुस्तीसाठी बंद होता, २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा उघडला, आणि आता वाटा चांगल्या केल्यामुळे गुडघेवाल्यांनाही बरंच वर जाता येतं. वरून समोर डेव्हिल्स डेनचे प्रचंड गोटे, पलीकडे गव्हाचं शेत आणि पीचची बाग. २ जुलैच्या दुपारी ही टेकडी जवळजवळ रिकामी होती. वॉरेन नावाच्या इंजिनिअर अधिकाऱ्याच्या हे लक्षात आलं, धावपळ करून माणसं आणली गेली आणि ती पोचेपोचेपर्यंत दक्षिणवाले चढायला लागले होते. मेन राज्याच्या विसाव्या रेजिमेंटने गोळ्या संपल्यावर संगिनी लावून उतारावर धाव घेतली, ती गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. गाइडने ती सांगितली, छान सांगितली, आणि मग न्यूयॉर्कच्या एकशेचाळिसाव्या रेजिमेंटच्या ओरॉर्कच्या स्मारकापाशी नेऊन म्हणाला, यांनाही जरा टाळ्या द्या. पंचविशीतला हा कर्नल टेकडीच्या दुसऱ्या टोकाला माणसं घेऊन धावला आणि तिथेच मारला गेला. स्मारकावरच्या त्याच्या ब्राँझच्या चेहऱ्याचं नाक लोक नशीब उजळावं म्हणून चोळतात. आमच्या चिरंजीवाने गणिताच्या परीक्षेसाठी दोनदा चोळलं.

वाटेत घोड्यांच्या पुतळ्यांची भाकडकथा निघालीच. एक पाय उचललेला म्हणजे स्वार जखमी, दोन्ही उचललेले म्हणजे रणात पडला, चारही टेकलेले म्हणजे सुखरूप. आपल्याकडेही कुणी ना कुणी काका दर चौकात हे सांगतोच. गाइड हसला आणि दक्षिणेचा सेनापती लाँगस्ट्रीट याच्या पुतळ्याचं उदाहरण दिलं. १९९८ चा पुतळा, घोड्याचा एक पाय वर, आणि लाँगस्ट्रीटला या लढाईत ओरखडाही आला नव्हता. विषय संपला.

आता ३ जुलै. ज्यासाठी लोक मुळात येतात तो दक्षिणेचा सेनापती पिकेट याचा हल्ला. दुपारी एकच्या सुमारास दक्षिणेच्या दीडशेएक तोफा सुरू झाल्या, आणि त्यानंतर साडेबारा हजारांच्या आसपास माणसं झाडीतून बाहेर पडून मैलभर उघड्या शेतातून समोरच्या दगडी कुंपणाकडे चालत निघाली. चालत, हे लक्षात घ्या. धावले ते शेवटी. निम्म्याहून जास्त माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली.

गाइडबरोबरच्या दोन तासांत हे अंतर चालायला वेळ मिळत नाही. तो दोन्ही टोकांना गाडीने नेतो. पण निघताना त्याने आम्हाला सांगितलं, की नंतर तुमचे तुम्ही चाला, आणि चालताना समोरच्या झाडांच्या झुबक्यावर नजर ठेवा. आम्ही संध्याकाळी चाललो. हल्ला निघाला त्या बाजूच्या व्हर्जिनियाच्या स्मारकापाशी उभं राहिलं तर जमीन टेबलासारखी सपाट दिसते. बाबांनी दहा पावलांतच सांगितलं, ‘‘हे सपाट नाय. पानी कोनीकडे जाते पाय.’’ आणि खरंच, शंभर-दीडशे पावलं गेल्यावर जमीन हळूच खाली जाते, समोरची रांग, झाडं, तोफा सगळं दिसेनासं होतं आणि क्षणभर वाटतं, आपण सुरक्षित आहोत. मग चढ लागतो, डोकं वर येतं, आणि सगळं एकदम जवळ आलेलं असतं. त्यात एमिट्सबर्ग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भक्कम लाकडी कुंपणं. आज तिथे उभं करून ठेवलेलं कुंपण मी ओलांडायचा प्रयत्न केला, पँट अडकली. तोफांचे छर्रे अंगावर येत असताना खांद्यावर बंदूक घेऊन ते ओलांडायचं होतं. त्या दिवशी दुपारी इथल्या कॉलेजातल्या प्रोफेसर जेकब्ज यांनी तापमान नोंदवून ठेवलंय, ८७ अंश फॅरनहाइट. मी सेल्सियसमध्ये करून सांगितलं, साधारण साडेतीस. मे महिन्यातलं खामगाव पाहिलेला माणूस यावर हसणारच. पण लोकरीचे डगले, हे ऐकल्यावर हसू थांबलं.

बाबांची ही जमीन वाचायची सवय टूरमध्येच गाइडच्या लक्षात आली होती आणि त्याला ती फार आवडली होती. फौजेतले अधिकारी इथे येऊन जे विचारतात तेच तुमचे वडील विचारतायत, असं तो म्हणाला. मी हे बाबांना सांगितलं नाही. घरी पोचेपर्यंत गाडीत दुसरं काही ऐकायला मिळालं नसतं.

दगडी कुंपणाच्या त्या कोपऱ्यापाशी, जिथवर दक्षिणेचा सेनाधिकारी आर्मिस्टेड तलवारीच्या टोकावर हॅट धरून पोचला आणि पडला, सगळ्या टूर थांबतात. तिथून उत्तरेला चालत थोडंसं गेलं की एक छोटं पांढरं घर आहे. बहुतेक गाड्या त्याच्यासमोरून सरळ निघून जातात. ते एब्राहम ब्रायनचं घर. ब्रायन काळा होता, स्वतंत्र होता, आणि १८५७ पासून या बाराएक एकरांचा मालक होता. उत्तरेच्या सैन्याची रांग त्याच्याच जमिनीतून गेली होती. लढाईच्या वेळी तो घरात नव्हता. कारण साधं आहे. मेसन-डिक्सन रेषा, म्हणजे गुलामगिरीची हद्द, इथून दहा मैलांच्या आत, आणि लीची फौज पेनसिल्व्हेनियात शिरली तशी वाटेत सापडतील त्या काळ्या माणसांना धरून दक्षिणेत पाठवत होती. पळून आलेले गुलाम आणि जन्मापासून स्वतंत्र असलेले, असा भेद कुणी केला नाही. बायका-मुलंसुद्धा नेली. अशी शेकडो माणसं गेली. ब्रायन कुटुंब त्याआधीच निघून गेलं. परत आला तेव्हा घराची चाळण झालेली, पीक तुडवलेलं, कुंपणं जाळलेली. सरकारकडे त्याने १,०२८ डॉलरची भरपाई मागितली. मिळाले १५.

बाबांनी आकडा पुन्हा विचारला. हिशेबनीस माणूस. मग म्हणाले, ‘‘म्हंजे आपल्या पीकविम्यावानीच.’’

हे घर गाइडच्या ठरलेल्या थांब्यांत असतंच असं नाही. मी विचारलं म्हणून त्याने गाडी थांबवली. पण थांबवल्यावर त्याने जे सांगितलं, त्यावरून त्याला हे सगळं पाठ होतं आणि कुणीतरी विचारावं याची तो वाट बघत होता, हे उघड दिसत होतं. बेसिल बिग्जची गोष्ट त्यानेच काढली. बिग्ज हाही काळा शेतकरी. लढाईनंतर उथळ खड्ड्यांत पुरलेली उत्तरेच्या सैनिकांची प्रेतं उकरून नव्या राष्ट्रीय दफनभूमीत नेण्याचं काम त्याने आणि त्याच्या माणसांनी केलं. पुढे त्याने इथेच जमीन घेतली, आणि ज्या झाडांच्या झुबक्याकडे बघत पिकेटची माणसं चालत आली तो झुबका त्याच्या जमिनीत आला. त्याने तो तोडायलाही घेतला होता. बॅचल्डर नावाच्या इतिहासकाराने त्याला थांबवलं, ही झाडं पुढे लाकडापेक्षा जास्त मोलाची ठरतील म्हणून. आज त्या झाडांभोवती लोखंडी कठडा आहे.

राष्ट्रीय दफनभूमीत गाइड आत येत नाही, बाहेर सोडतो आणि काय बघायचं ते सांगतो. अर्धवर्तुळात राज्यवार ओळी. साडेतीन हजारांवर उत्तरेचे सैनिक, त्यांतल्या ९७९ जणांची ओळख पटली नाही, त्यांच्या नुसत्या छोट्या आकडे घातलेल्या दगडी चौकटी. १९ नोव्हेंबर १८६३ ला इथे आधी तेव्हाचे नामांकित वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले आणि मग लिंकन दोन मिनिटं. दक्षिणेचे सैनिक इथे नाहीत. त्यांची हाडं दहाएक वर्षांनी रिचमंड वगैरे ठिकाणी नेली.

दफनभूमीच्या फाटकाशीच बाबांनी ‘गुलामगिरी’चा विषय काढला. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये हे पुस्तक काढलं ते अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केलं, गुलामांना सोडवण्यासाठी त्यांनी निःस्वार्थपणे जे सोसलं त्याबद्दल. आणि आमच्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी हा कित्ता गिरवावा, अशी इच्छा लिहिली. हे आम्ही शाळेत शिकलो होतो, पण मी ते लढाईच्या मैदानावर उभं राहून कधी आठवलं नव्हतं. दहा वर्षांत ही बातमी पुण्यापर्यंत पोचून तिचं पुस्तक झालं होतं. गाइडने खिशातून छोटी वही काढली, ‘फुले’ हे नाव मला लिहून द्यायला सांगितलं आणि वर्ष दोनदा विचारलं.

मग मीही कापसाचं सांगून टाकलं. युद्ध सुरू झाल्यावर उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि मुंबईच्या बाजारात भाव आभाळाला भिडले. वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर साहेबाची नजर बसली. बॅकबेमध्ये भराव घालायच्या कंपन्यांचे शेअर वेड्यासारखे चढले. एप्रिल १८६५ मध्ये ली शरण आला आणि मुंबईत पेढ्या कोसळल्या, प्रेमचंद रायचंदसारखा कापसाचा बडा व्यापारीसुद्धा आडवा झाला. तरी त्यांच्याच देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. खामगावला रेल्वेचा फाटा आला १८७० मध्ये, तोही कापसासाठीच. बाबांच्या पगाराची मुळं शोधत गेलं तर एक फाटा या दगडी कुंपणापर्यंत येतो. गाइडची वही भरत आली होती आणि आमचे दोन तास केव्हाच उलटून गेले होते. घड्याळ मात्र त्याने बघितलं नाही.

आता बाकीच्या गोष्टी भराभर.

म्युझियमला वेगळं तिकीट आहे. रणभूमीवर फिरायला काही नाही. म्युझियम चांगलं आहे, आणि सुरुवात तोफांनी न करता गुलामगिरीने होते, हे मला आवडलं. पण खरी बघायची चीज म्हणजे सायक्लोरामा. पॉल फिलिपोतो नावाच्या फ्रेंच चित्रकाराने आणि त्याच्या मदतनीसांनी काढलेलं, १८८४ मध्ये बॉस्टनला उघडलेलं गोल चित्र. ३७७ फूट लांब, ४२ फूट उंच. तुम्ही मधे उभे राहायचं आणि पिकेटचा हल्ला तुमच्या चारी बाजूंनी. समोर खरी माती, खरी मोडकी कुंपणं, चाकं मांडलेली आहेत आणि ती कुठे संपून चित्र कुठे सुरू होतं ते कळत नाही. चिरंजीवाला कठड्यावरून मागे ओढावं लागलं. हे आधी बघा आणि गाइडबरोबर नंतर फिरा. उलट केलं तर पाय इतके दुखतात की चित्रासमोर उभं राहवत नाही.

जेवणाचं बोलू नये. चौकाजवळच्या एका ठिकाणी (नाव घेत नाही) शाकाहारी म्हणून जे आलं ते बाहेरून करपलेलं आणि आतून बर्फ होतं. बाबांनी शांतपणे पिशवीतून दशम्या आणि ठेचा काढला. तुम्हीही डबा घेऊन जा. झाडाखाली बसून खायला जागा पुष्कळ आहेत.

आणि भुतांच्या टूर. गावात संध्याकाळ झाली की कंदील घेतलेली, जुन्या काळचे घागरे घातलेली मंडळी जागोजागी उभी असतात. चिरंजीवाच्या हट्टापायी एका टूरला गेलो. तासभर नुसत्या दारांच्या करकरीच्या गोष्टी. जेनी वेड ही वीस वर्षांची मुलगी, बहिणीच्या घरी कणीक मळत असताना दोन दारं भेदून आलेल्या गोळीने मेली. या लढाईत थेट गोळीने मेलेली गावातली एकमेव माणूस. तिच्याबद्दल आम्हाला काय सांगितलं, तर दाराच्या त्या भोकात बोट घातलं की वर्षाच्या आत लग्न जमतं. तीन दिवसांत मेलेले, जखमी झालेले, बेपत्ता झालेले मिळून एक्कावन्न हजार, आणि यांना भुताशिवाय काही सुचत नाही. पाचपैकी एक मार्क, तो कंदिलाला.

गाइडला पाचपैकी पाच. टिप द्यायची पद्धत आहे, हात आखडू नका. उन्हाळ्यात आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात आधी बुक केल्याशिवाय मिळत नाहीत. दोन तास अपुरे पडतात, जास्त वेळाची टूर मिळत असेल तर तीच घ्या.

एक गोष्ट बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा, की ब्रायनचं घर आणि लाँग लेनवरची लिंकन सेमेटरी बघायची आहे. ही गावातल्या काळ्या लोकांची दफनभूमी. उत्तरेच्या सैन्यात काळ्यांच्या पलटणींतून लढलेले तीसएक सैनिक इथे आहेत. लिंकन जिथे बोलले त्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना जागा मिळाली नाही, म्हणून. हजारो सैनिकांची प्रेतं तिथवर वाहून नेणारा बेसिल बिग्जसुद्धा इथेच आहे. नेहमीच्या रस्त्यावर ही जागा लागत नाही, आणि आयत्या वेळी म्हटलं तर दोन तासांत बसत नाही.